वृद्ध व बुजऱ्या श्वानास घर मिळवून देताना

'माझा आवडता प्राणी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, म्हणजे वर्गातील निम्मी मुले कुत्र्याची निवड करतात. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करतो, धन्याला पाहून शेपूट हलवितो, ही वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे तपासीत आलो आहोत. ती खोटी नाहीत. परंतु तो कुत्रा म्हातारा झाला आणि त्याचा धनी राहिला नाही, तर त्याचे पुढे काय होते, हे मात्र आमच्या पाहण्यातील एकाही वहीत आलेले नाही. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या गोष्टीविषयी आहे.

आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. संस्कृतातील 'शुनक' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे, आणि जुन्या मराठीतही हा शब्द आढळतो. शब्द जुना, तसे नातेही जुने. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक थडगे सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री व त्यांच्यासमवेत एका कोवळ्या वयाच्या कुत्र्याचे अवशेष होते. त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१८ साली असे अनुमान काढले, की ते पिल्लू दीर्घकाळ आजारी होते आणि माणसांनी शुश्रूषा केली नसती तर इतके दिवस जगले नसते. आजारी पिल्लू शिकारीस निरुपयोगी. तरी कोणी तरी त्याला ऊब दिली, पाणी पाजले. उपयोग नसलेल्या जिवाची काळजी घेणे ही आजकालची हौस आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी हे थडगे ध्यानात ठेवावे.

आश्रयगृहे कशी निर्माण झाली

निराधार प्राण्यांसाठी निवारा बांधण्याची चाल आपल्याकडे परकी नाही. 'पांजरपोळ' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळलेला आहे. मुंबईच्या पांजरपोळाच्या मुळाशी तर कुत्रेच आहेत. १८३२ साली कंपनी सरकारने मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला. त्यांच्या धर्मात कुत्र्यास मानाचे स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पडणे ते आवश्यक मानीत. शहरात दंगल झाली, व्यवहार बंद पडले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आदी धनिकांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. इंग्लंडात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी घर उघडले, ते १८६० साली. १८७१ साली ते बॅटरसी येथे गेले आणि आजही चालू आहे.

आमच्या गोव्यात आज अशा आश्रयगृहांत जे श्वान येतात, त्यांच्या येण्याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. मुले नोकरीसाठी परदेशी गेलेली, घरात एकटी आजी आणि तिचा कुत्रा. आजी निवर्तली की दाराला कुलूप लागते आणि कुत्रा पडवीत राहतो. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांच्या मोसमात खानावळींच्या झोपड्या उभ्या राहतात, तेथील उष्ट्यावर कुत्री पोसली जातात. जूनच्या तोंडावर झोपड्या मोडल्या की पावसाळ्यात त्यांस विचारणारा कोणी उरत नाही. काही श्वान हौसेने विकत आणलेले असतात. हौस फिटली, कुत्र्याचे आयुष्य मात्र उरले.

म्हातारपणाचा हिशेब

आश्रयगृहात पाहुणे येतात ते बहुधा पिल्लू पाहावयास. पिल्लू धावत पुढे येते, हात चाटते आणि घरी जाते. म्हातारा श्वान मागच्या भिंतीशी पडून असतो. त्याच्या वाट्याला थोडी वर्षे उरली आहेत, हे पाहुण्यांस कळते, आणि तेच त्यास न नेण्याचे कारण ठरते. वस्तुतः त्याला लवकर घर मिळण्याचे तेच कारण असावयास हवे.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असा हिशेब सर्वत्र सांगितला जातो. तो फार ढोबळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२० साली लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांच्या पेशींतील बदल तपासून एक सूत्र मांडले: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा, त्यास १६ ने गुणावे व त्यात ३१ मिळवावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. एक वर्षाचा कुत्रा एकतीस वर्षांच्या माणसाएवढा निघतो, दोन वर्षांचा बेचाळिसाचा, दहा वर्षांचा अडुसष्टाचा आणि बारा वर्षांचा एकाहत्तराचा. याचा अर्थ कुत्रा प्रथम झपाट्याने मोठा होतो आणि नंतर सावकाश म्हातारा होतो. सूत्र एका जातीवरून काढलेले आहे. इतर जातींस ते तंतोतंत लागू पडेलच असे नाही. तथापि दहा वर्षांच्या श्वानाकडे अडुसष्ट वर्षांच्या आजोबांकडे पाहावे तसे पाहिले, तर त्याच्या पुष्कळशा वागण्याचा उलगडा होतो. त्याचे सांधे धरतात, दात किडतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, कान मंदावतात. मागून अकस्मात हात लावला तर तो दचकतो व गुरकावतो. त्याला माणूस आल्याचे ऐकूच आलेले नसते. ज्या कुत्र्यास लोक 'खाष्ट झाला' म्हणतात, त्याला कित्येकदा नुसती दाढ ठणकत असते. म्हणून वृद्ध श्वान बुजू लागला, तर पहिली भेट पशुवैद्याची हवी.

भीतीचे मूळ

सर्वच बुजरेपणा दुखण्यातून येत नाही. महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पुत्र, एक श्वान, येतो. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्यास मारतात. तो रडत आईकडे जातो. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते, की निरपराध्यास मारल्याबद्दल तुमच्यावरही न दिसणारे भय येईल. विद्यार्थ्यांनी ही कथा शापासाठी वाचू नये, त्या पिल्लासाठी वाचावी. अपराध नसता मार खाल्लेल्या प्राण्याच्या मनातही असेच न दिसणारे भय घर करून राहते. काठी मारणारा विसरतो. पुढे वर्षांनी कोणी केरसुणी उचलली, तरी कुत्रा खाटेखाली शिरतो.

परंतु बुजरा दिसणारा प्रत्येक श्वान मार खाल्लेलाच असतो, असेही नव्हे. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट व फुलर यांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोठ्या महत्त्वाचा असतो, असे या अभ्यासातून दिसून आले. त्या मुदतीत ज्यांस माणसाचा सहवास घडला नाही, ती पिल्ले पुढे माणसांपासून दूर पळू लागली. त्यांस कोणी मारले नव्हते. योग्य वेळी कोणी भेटले नव्हते, इतकेच.

तिसरे कारण आश्रयगृह हेच. तेथील लोक कितीही दयाळू असोत, ती जागा गोंगाटाची असते. ओळखीचे वास नाहीत, रात्रंदिवस भुंकणे, रोज नवी माणसे. आश्रयगृहात नुकत्याच आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या द्रव्याचे, म्हणजे शरीरातील ताणाच्या खुणेचे, प्रमाण घरच्या कुत्र्यांहून पुष्कळ अधिक असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही श्वानांस एक-दोन रात्रींपुरते कोणाच्या घरी नेण्यात आले. तेवढ्या मुदतीत हे प्रमाण उतरले आणि परत आणल्यावर पूर्ववत झाले. तात्पर्य, पिंजऱ्यात दिसतो तो त्या श्वानाचा संपूर्ण स्वभाव नव्हे.

खरे परिचयपत्र

आमच्या नववीच्या मुलांनी एका आश्रयगृहास भेट दिली, तेव्हा तेथे तांबूस रंगाचा एक गावठी श्वान होता. एका बंद घराच्या पडवीत तो सापडला होता. तेथील लोक त्यास कोंकणीत 'म्हातारो' म्हणत. परका माणूस दिसला की तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करी. त्याला घर मिळावे, म्हणून मुलांनी एक परिचयपत्र लिहावयाचे ठरविले. पहिल्या मसुद्यात 'अत्यंत प्रेमळ, खेळकर व सर्वांशी मिळून-मिसळून वागणारा' अशी विशेषणे होती. तेथे काम करणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे वाचून जो माणूस येईल, तो आठ दिवसांत त्याला परत आणून सोडील. एकदा गेलेले घर पुन्हा गेले, तर याला सावरणे कठीण." मुलांनी तो कागद फाडला आणि दोन दिवस बसून दुसरा लिहिला. तो असा:

"वय अंदाजे दहा वर्षे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मागचे पाय आखडतात, जिना चढत नाही. अनोळखी माणूस जवळ आला तर कोपऱ्यात जातो. हात पुढे केल्यास गुरगुरतो. येथे आल्यापासून कोणास चावलेला नाही. रेबीजची लस टोचलेली आहे. भाताची पेज आवडते. जोराचा पाऊस सुरू झाला की माणसाच्या आसपास येऊन निजतो, पण पाठ करून. लहान मुले नसलेले शांत घर हवे. प्रेम लगेच मिळणार नाही."

मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो, त्या वर्षी वर्गाने लिहिलेल्या साऱ्या लेखनात इतके नेमके लेखन दुसरे नव्हते. त्यात एकही विशेषण उगाच आलेले नाही, आणि जे लिहिले ते डोळ्यांनी पाहून लिहिले.

या पत्रकावरून बरेच दिवस कोणी आले नाही. मग एक निवृत्त परिचारिका आल्या. आपल्या बहिणीसह त्या एका जुन्या कौलारू घरात राहत. त्यांनी श्वानास हाक मारली नाही, की त्याच्याकडे टक लावून पाहिले नाही. कुंपणापासून थोड्या अंतरावर कुशीकडे वळून त्या बसल्या आणि वर्तमानपत्र वाचू लागल्या. मधूनमधून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याच्या बाजूस टाकीत, तो त्याने खाल्ला की नाही हे पाहत नसत. तासाभराने निघून गेल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. आमच्या मुलांचा धीर सुटू लागला. असे बसून काय होणार, असे एकाने त्यांस विचारलेही. त्या म्हणाल्या, "रुग्णाच्या खोलीत गेल्यावर मी आधी खुर्चीवर बसत असे. अंगाला हात मागाहून." सहाव्या की सातव्या भेटीत म्हातारो उठून आला, त्यांच्या चपलेचा वास घेऊन परत गेला. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटण्याचेही टाळले.

या बाईंनी जे केले, त्यास शास्त्राचा आधार आहे. भ्यालेल्या कुत्र्यास समोरून चालून येणारा, वाकून पाहणारा, डोक्यावर हात ठेवणारा माणूस संकटासारखा वाटतो. कुशीकडे वळून बसलेला, नजर न भिडविणारा माणूस त्यास परवडतो. कुत्रा आपली भीती कळवीतही असतो. आपण ती वाचावयास शिकले पाहिजे. शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, खाणे समोर नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, डोळ्याचे पांढरे दिसेल असे तिरके पाहणे, अंग ताठ करून स्तब्ध उभे राहणे, या त्याच्या विनंत्या आहेत. गुरगुरणे ही शेवटची विनंती. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास मारणारा माणूस त्याची भीती घालवीत नाही. तो केवळ इशारा बंद पाडतो, आणि पुढच्या वेळी इशाऱ्याविना दात लागतात.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

श्वान घरी नेला म्हणजे काम संपले, असे नाही. आश्रयगृहे चालविणारे लोक तीन मुदती सांगतात. त्या घड्याळासारख्या काटेकोर नसतात, पण वाट दाखवितात. पहिले तीन दिवस श्वान भांबावलेला असतो. खात नाही, कोपरा सोडीत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत त्याला घराचा क्रम कळू लागतो. जेवण केव्हा, फिरणे केव्हा, दार कोण वाजविते. तीन महिन्यांनंतर कोठे हे आपले घर, असा विश्वास त्यास वाटू लागतो. वृद्ध व बुजऱ्या श्वानास याहूनही अधिक काळ लागू शकतो.

परिचारिका बाईंनी म्हाताऱ्याला चवथीचे फटाके संपल्यावर घरी नेले. मुद्दाम तोवर थांबल्या. घरात त्याच्यासाठी एक कोपरा ठरविला आणि तेथे तो असता कोणीही जावयाचे नाही, असा नियम केला. सारवलेल्या जागेवर त्याचे पाय घसरत नसत, पण पुढच्या खोलीतील गुळगुळीत फरशीवर घसरत, म्हणून तेथे गोणपाट अंथरले. जेवण व फिरणे ठरल्या वेळी. पहिल्या आठवड्यात एकही पाहुणा बोलाविला नाही. फाटकाची कडी दुरुस्त करून घेतली, कारण नव्या घरातून बुजरा कुत्रा निसटला तर परक्याच्या हाकेला तो येत नाही. नरकासुराच्या रात्री ढोल व फटाके वाजू लागले, तेव्हा दोघी बहिणी त्यास आतल्या खोलीत घेऊन, खिडक्या लावून बसल्या. डिसेंबरात आमची मुले त्यास भेटावयास गेली. त्यांना पाहून म्हातारो उठला आणि सावकाश आत निघून गेला. मुले खट्टू झाली. आम्हांस मात्र त्यात समाधान वाटले. आश्रयगृहात त्याला भिंतीकडे तोंड करावे लागे. येथे त्याला उठून जाण्यास एक आतली खोली होती, आणि जाताना त्याची शेपूट पोटाखाली नव्हती.

आपला वाटा

येथे विद्यार्थ्यांस एक कठोर गोष्ट सांगणे प्राप्त आहे. असा श्वान आपल्याच घरी आणावा, असे वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल. परंतु धावपळीचे, लहान मुलांनी गजबजलेले घर त्याच्या हिताचे नसते, आणि लहान मुलांच्याही हिताचे नसते. दया असलेले घर आणि योग्य घर ही नेहमी एकच असतात असे नाही. आपल्या घरी तो मावत नसेल, तर त्यास योग्य माणूस शोधून देणे हीदेखील सेवाच होय. आपल्या वाड्यावर कोण एकटे आहे, कोणाचे घर शांत आहे, कोणाचा जुना कुत्रा नुकताच गेला आहे, हे मुलांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. आश्रयगृहाने मात्र त्या माणसाचे वय, प्रकृती व खर्चाची ऐपत विचारली पाहिजे. आणि त्याच्यामागे श्वानाकडे कोण पाहील, हे आधीच ठरले पाहिजे. नाही तर बंद दार आणि पडवीतला कुत्रा, हीच कथा दुसऱ्यांदा घडावयाची.

आरोग्याचे नियमही विसरू नयेत. कुत्र्यास दर वर्षी रेबीजची लस टोचावी. गोव्यात २०१४ सालापासून गावोगाव कुत्र्यांना ही लस देण्याची मोठी मोहीम चालली आणि त्या रोगाचे प्रमाण पुष्कळ खाली आले. तरी सावधगिरी सोडून चालणार नाही. कोणत्याही कुत्र्याचा दात वा नख लागले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. घरी रागावतील म्हणून लपवू नये. पावसाळ्यात गोचिडी पाहाव्यात. शिजवलेली हाडे, कांदा, द्राक्षे व चॉकलेट कुत्र्यास घालू नयेत.

कायद्याचे म्हणणेही ठाऊक असावे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चिकाटीने हा प्रश्न लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत प्राण्यास सबळ कारणावाचून टाकून देणे, हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तर प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले. अर्थात कायदा टाकून देणाऱ्यास शिक्षा करील. टाकून दिलेल्याजवळ वर्तमानपत्र घेऊन बसावयास तो कोणास भाग पाडू शकत नाही.

महाभारताच्या आरंभी एक श्वान मार खातो, तर सतराव्या पर्वात दुसरा एक श्वान धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढतो. इंद्र रथ घेऊन येतो व कुत्र्यास सोडून चल म्हणतो, तेव्हा युधिष्ठिर नकार देतो. भ्यालेल्या, क्षीण झालेल्या, दुसरा आधार नसलेल्या जिवाचा त्याग आपण करणार नाही, असे तो सांगतो. भ्यालेला, क्षीण आणि निराधार, ही तीन लक्षणे आश्रयगृहाच्या मागच्या भिंतीशी पडलेल्या त्या वृद्ध श्वानास जशीच्या तशी लागू पडतात. आपल्याला स्वर्गाचा रथ सोडावयाचा नाही. आठवड्यातून दोन दुपारी, तासभर, हाक न मारता बसावयाचे आहे. एवढा संयम ज्याला साधेल, त्याला उद्या घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसणेही साधेल, अशी आमची खात्री आहे.